चहात्यागाचा इतिहास आणि पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्टा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात दारूबंदीच्या चळवळीला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तंबाखूविरोधी प्रचाराचीही थोडीफार नोंद झाली आहे. चहाच्या त्यागाचा इतिहास मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटला. चहा हे निरुपद्रवी पेय मानले जाते, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की, चहा आपल्या दैनंदिन जीवनात इतका मुरला आहे की त्याला काही इतिहास असू शकतो हेच आपल्याला जाणवत नाही. वस्तुतः अवघ्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हे पेय परक्या साहेबाच्या टेबलावरून कामगाराच्या स्टीलच्या पेल्यापर्यंत आले. या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर ‘चहा घेऊ नये’ असे सांगणारा कोणी ना कोणी उभा होता. त्याचे कारण मात्र दर वेळी वेगळे होते.

अलीकडे चहा-कॉफी कमी करण्याचा किंवा सोडण्याचा सल्ला वैद्यकीय भाषेत दिला जातो. हा सल्ला एकट्या व्यक्तीला उद्देशून असतो. घड्याळाच्या पाळ्यांवर चालणाऱ्या औद्योगिक पट्ट्यात तो पाळणे केवळ व्यक्तीच्या मनोनिग्रहावर अवलंबून असते काय, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी पुणे परिसरातील चहात्यागाच्या परंपरेचा आढावा घेऊन पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कामगारजीवनाच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

१) चहा नाकारण्यामागील धार्मिक, नैतिक व वैद्यकीय भूमिकांचा कालक्रमानुसार शोध घेणे.
२) कारखान्यातील चहाची संस्था कायद्याच्या व श्रमव्यवस्थेच्या आधारे कशी घडली, हे पाहणे.
३) कॅफीन कमी करण्याच्या आजच्या सल्ल्याची औद्योगिक कामगारांच्या संदर्भातील उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. चरित्रे, आठवणी, कामगारविषयक कायदे व आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे ही दुय्यम साधने आधारभूत मानली आहेत.

१. पंचहौद प्रकरण : चहा की चहाचा हात?

पुण्यात चहा नाकारण्याचा पहिला मोठा वाद झाला तो पंचहौद मिशनच्या निमित्ताने. दि. १४ ऑक्टोबर १८९० रोजी या मिशनमध्ये भरलेल्या सभेस शहरातील अनेक प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक हेही होते. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी चहा घेतला, तर काहींनी केवळ शिष्टाचार म्हणून पेला हाती धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात प्रसिद्ध करविली आणि सनातनी वर्तुळात खळबळ उडाली. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, इ.स. १८९२ मध्ये चौकशी झाली आणि संबंधितांना प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले असल्याचे टिळकांनी सांगितले. रानडे यांनी मित्रमंडळींच्या अडचणीचा विचार करून प्रायश्चित्त घेतले. या निर्णयामुळे घरात व सुधारकांच्या वर्तुळात काय ताण निर्माण झाला, याचे वर्णन रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात आले आहे.

या ग्रामण्यात चहा या पेयाच्या गुणदोषांची चर्चा जवळजवळ नव्हतीच. तो कोणाच्या हातचा, कोणाच्या घरी आणि कोणाच्या पंक्तीस घेतला, एवढाच प्रश्न होता. म्हणजे चहात्यागाचे आपल्याकडील पहिले सार्वजनिक कारण शरीराचे नसून शुद्धाशुद्धतेचे होते.

या प्रसंगाच्या शेजारी कोल्हापूरची एक घटना ठेवून पाहिली पाहिजे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात हॉटेल काढले आणि राजर्षी शाहू महाराजांनी तेथे जाऊन सर्वांदेखत चहा घेतला. पुण्यात जो चहा बहिष्काराचे निमित्त ठरला होता, तोच कोल्हापुरात समतेचे साधन झाला. चहाच्या दुकानातील वेगळी ठेवलेली कपबशी हा दलित समाजाच्या अनुभवाचा दीर्घकाळ भाग होता. त्यामुळे कोणाच्या तरी हातचा चहा ‘नको’ म्हणणे ही आपल्या समाजात निव्वळ आहाराची बाब कधीच नव्हती. आजही घरी आलेल्याने चहा नाकारला तर यजमानाच्या मनात क्षणभर शंका येते, तिचे मूळ या इतिहासात आहे.

२. प्रचारातून आलेले पेय

दुसरीकडे चहाचा प्रसार पद्धतशीरपणे केला जात होता. भारतात पिकणारा चहा प्रथम मुख्यतः निर्यातीसाठी होता. इ.स. १९०३ च्या चहा उपकर कायद्याने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसविण्यात आला आणि त्या निधीतून चहाच्या खपासाठी प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्या, खाणी व कारखाने यांत चहाचे ठेले उभारण्याकडे प्रचारकांचे लक्ष वळले. कामगाराला मध्येच मिळालेला गरम पेला त्याचा थकवा घालवितो आणि त्यामुळे काम चांगले होते, हा युक्तिवाद मालकवर्गाला पटण्यासारखा होता. रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा हे देशी भाषांतून सांगणाऱ्या पाट्या लागल्या. पुढे १९३० च्या दशकात आसाममध्ये विकसित झालेल्या सी.टी.सी. प्रक्रियेमुळे कमी पत्तीत अधिक कडक व रंगदार चहा होऊ लागला. स्वातंत्र्योत्तर काळात या प्रक्रियेचा प्रसार वाढला, तसा दूध-साखर घालून उकळलेला चहा सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागला. आज भारतात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के चहा देशातच संपतो.

सारांश, चहाची सवय समाजात आपोआप रुजली नाही. ती रुजविण्यात आली आणि रुजविणाऱ्यांनी कारखाना हे आपले एक महत्त्वाचे क्षेत्र मानले होते.

३. आगाखान पॅलेस ते उरुळी कांचन : आरोग्याची भाषा

चहाविरोधाला आरोग्याची भाषा देण्याचे काम अनेकांनी केले. बंगालमध्ये रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी चहाच्या वाढत्या प्रचारावर टीका केली. पुणे परिसराच्या दृष्टीने मात्र महात्मा गांधींचे लेखन अधिक जवळचे आहे. दक्षिण आफ्रिकेत असतानाच, इ.स. १९१३ मध्ये, त्यांनी आरोग्यविषयक लेखमालेत चहा, कॉफी व कोको यांचा परामर्श घेतला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक होऊन ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाले. तेथे त्यांनी त्याच वर्षी ‘आरोग्याची किल्ली’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात चहा-कॉफी-कोको यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. या तिन्ही पेयांची शरीराला गरज नाही, चहातील टॅनिन अपायकारक आहे, अशी त्यांची मांडणी आहे.

गांधींच्या विचाराला एक नैतिक बाजूही होती. मळ्यांत राबणाऱ्या मजुरांवरील जुलूम हे पेय नाकारण्याचे कारण ठरू शकते, हे त्यांनी आरंभीच्या लेखनातच सुचविले होते. म्हणजे पिणाऱ्याचे शरीर आणि पिकविणाऱ्याचे श्रम या दोहोंचा विचार त्यांनी एकत्र केला. पुढच्या आरोग्यप्रचारात यातील पहिली बाजू टिकली, दुसरी विस्मरणात गेली.

या विचाराला संस्थात्मक रूप पुणे जिल्ह्यातच लाभले. डॉ. दिनशा मेहता यांच्या पुण्यातील निसर्गोपचार केंद्रात गांधींचे वास्तव्य झाले होते. इ.स. १९४६ मध्ये उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला व मणिभाई देसाई यांनी तो वाढविला. निसर्गोपचाराच्या पथ्यात चहा-कॉफीला स्थान नसते. याच मणिभाईंनी इ.स. १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली आणि संकरित गाईंच्या पैदाशीद्वारे ग्रामीण दुग्धव्यवसायाला चालना दिली. एका बाजूने चहात्यागाचे पथ्य आणि दुसऱ्या बाजूने दुधाची वाढ, असे हे दोन प्रवाह एकाच गावातून निघाले. त्यांतील दुधाचा प्रवाह शेवटी बऱ्याच अंशी चहाच्या पातेल्याकडेच वळला, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

आश्रमातील चहात्याग यशस्वी होतो त्यामागे तेथील दिनक्रमाचा मोठा वाटा असतो. तेथे झोपेची, जेवणाची व विश्रांतीची वेळ ठरलेली असते आणि रात्री कोणालाही यंत्रापुढे उभे राहावे लागत नाही. संकल्प सगळ्यांचाच असतो, पण दिनक्रम सगळ्यांच्या हाती नसतो. औद्योगिक पट्ट्यात याच गोष्टीचा अभाव आहे.

४. कारखान्याचे घड्याळ आणि चहाची वेळ

मोरया गोसावींच्या देवस्थानासाठी व चापेकर बंधूंसाठी ओळखले जाणारे चिंचवड आणि फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांची वसाहत झालेली पिंपरी यांचे रूप इ.स. १९५४ नंतर पालटले. त्या वर्षी पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. इ.स. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पुढील दशकात टेल्को, बजाज ऑटो यांसारख्या मोठ्या उद्योगांनी आणि भोसरी परिसरातील असंख्य लघुउद्योगांनी हा पट्टा व्यापला. इ.स. १९७० मध्ये नगरपालिका व दि. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाहननिर्मितीचे केंद्र चाकणकडे सरकले. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००९ च्या सुमारास परदेशी मोटार कंपन्याही तेथे आल्या.

या उद्योगांबरोबर चहाची एक कायदेशीर चौकट आली. कामाच्या मध्ये विश्रांती हा हक्क कामगारांना सहज मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या काळातील प्रयत्नांनंतर इ.स. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व मध्यान्हीची अर्ध्या तासाची विश्रांती मान्य झाली. इ.स. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग ५ तासांपेक्षा अधिक काम घेता येणार नाही व त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, अशी तरतूद केली. २५० पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह ठेवणे नियमांद्वारे बंधनकारक करता येऊ लागले. नियमांनी ते ना-नफा तत्त्वावर चालविण्याची अपेक्षा ठेवली आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगार प्रतिनिधींना स्थान दिले. इ.स. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने कंत्राटी कामगारांसाठी ही संख्या १०० ठरविली. दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० नुसार कंत्राटी कामगारांसह १०० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस उपाहारगृहाची तरतूद लागू होते.

या आकड्यांचा सामाजिक अर्थ महत्त्वाचा आहे. मोठ्या कारखान्यातील कायम कामगाराला चहा उपाहारगृहात अल्प दरात मिळाला. भोसरी किंवा चाकणच्या लहान शेडमध्ये काम करणाऱ्या कामगाराच्या वाट्याला कायद्याचे उपाहारगृह आले नाही; त्याच्यासाठी फाटकाबाहेरची टपरी हेच उपाहारगृह झाले. तेथे तो चहा घेतो, दोन माणसांशी बोलतो, नव्या कामाची खबर मिळवितो आणि काही क्षण यंत्राच्या आवाजापासून दूर राहतो. कटिंग चहाची किंमत तो या साऱ्यासाठी मोजत असतो.

कारखान्यातील चहाचा आणखी एक विशेष असा की, तेथे एकाच काउंटरवर, एकाच प्रकारच्या पेल्यात सर्वांना चहा मिळू लागला. ज्या जिल्ह्यात १८९२ मध्ये चहावरून प्रायश्चित्ते घ्यावी लागली, त्याच जिल्ह्यात काही दशकांनी हजारो लोक कोणाच्या हातचा चहा आहे हे न विचारता तो पिऊ लागले. हे परिवर्तन उपदेशाने जेवढे झाले नाही तेवढे पाळीच्या भोंग्याने घडविले. जातिभेद यामुळे संपला असे म्हणता येणार नाही. परंतु पंक्तिभेदाची एक जागा निश्चितच कमी झाली.

भाषेनेही या बदलाची नोंद घेतली आहे. ‘चहापाणी’ या शब्दात आदरातिथ्य आणि लाच हे दोन्ही अर्थ नांदतात. ‘टी टाइम’ हा शब्द कामगाराच्या बोलण्यात पेयापेक्षा वेळेचा निर्देश करतो. ‘चहाला गेलो होतो’ याचा अर्थ पुष्कळदा ‘जरा सुटका करून घेतली’ एवढाच असतो.

५. कॅफीनचे शास्त्र आणि रात्रपाळी

एकोणिसाव्या शतकात, इ.स. १८१९ मध्ये, कॉफीतून कॅफीन वेगळे करण्यात आले. चहातील ‘थीन’ हे तेच द्रव्य असल्याचे १८३० च्या दशकात सिद्ध झाले. मेंदूत दिवसभर साठत जाणारे ॲडेनोसिन हे द्रव्य आपल्याला झोपेची जाणीव करून देते. कॅफीन त्याच्या ग्राहकांना अडवून धरते. त्यामुळे थकवा नाहीसा होत नाही. त्याची जाणीव पुढे ढकलली जाते. हेच कॅफीनच्या उपयोगाचे व मर्यादेचे मूळ होय.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी इ.स. २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिवसाचे कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावे. १५० मिलिलिटर चहात साधारण ३० ते ६५, तयार पावडरच्या कॉफीत ५० ते ६५ आणि उकळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असेही त्यात सांगितले आहे, कारण त्यांतील टॅनिन अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते. गांधींनी टॅनिनवर ठेवलेले बोट याप्रमाणे वेगळ्या कारणाने का होईना, योग्य ठिकाणी पडले होते.

आता कामगाराचा हिशेब करून पाहू. कटिंग म्हणजे साधारण अर्धा कप. दिवसाला सहा कटिंग घेणारा कामगार ९० ते १९५ मिलिग्रॅम कॅफीन घेतो. म्हणजे तो मर्यादेच्या आतच असतो. परंतु प्रत्येक कटिंगमध्ये एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम साखर धरली तरी ३० ग्रॅम साखर होते. पूर्ण कपाने पिणाऱ्याची ती ६० ग्रॅमवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविलेली वरची मर्यादा प्रौढासाठी सुमारे ५० ग्रॅम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. डब्यानंतर लगेच चहा घेणाऱ्या कामगार स्त्रीच्या बाबतीत म्हणून कॅफीनपेक्षा चहाची वेळ अधिक महत्त्वाची ठरते.

रात्रपाळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास सरासरी ५ तास लागतात. झोपेच्या ६ तास आधी घेतलेले ४०० मिलिग्रॅम कॅफीनही झोप एक तासाहून अधिक घटविते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. एक-दोन कप चहातील मात्रा त्याहून पुष्कळ कमी असली, तरी दिशा तीच राहते. पहाटे चारला डोळे उघडे ठेवण्यासाठी घेतलेला चहा सकाळी घरी गेल्यावरची झोप हलकी करतो; अपुऱ्या झोपेमुळे पुढच्या रात्री अधिक चहा लागतो. हे चक्र कामगाराच्या इच्छाशक्तीने सुरू झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामालाच २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये ‘संभाव्य कर्ककारक’ म्हटले आहे. अशा वेळी चहाला दोष देणे म्हणजे तापाऐवजी तापमापकावर रागावणे होय.

कॅफीन एकदम सोडल्यास १२ ते २४ तासांत डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड, एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे दिसू लागतात आणि ती २ ते ९ दिवस टिकू शकतात. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत या अवस्थेला स्वतंत्र स्थान मिळाले. दाबयंत्रावर किंवा जोडणीपट्ट्यावर काम करणाऱ्याच्या एकाग्रतेला क्षणभर ढळ लागला तर बोटे गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून कामगाराने चहा सोडायचाच असेल तर तो आठवडी सुटीला जोडून, दर काही दिवसांनी एकेक पेला कमी करीत सोडणे श्रेयस्कर. पाळीच्या उत्तरार्धातील चहा आधी सोडावा. त्या जागी ताक, लिंबूपाणी किंवा नुसत्या गवती चहाचा काढा घेता येतो; गवती चहात नाव चहाचे असले तरी कॅफीन नसते.

निष्कर्ष

१) पुणे परिसरात चहात्यागाची कारणे शुद्धाशुद्धता, नैतिक-आरोग्यविषयक संयम आणि वैद्यकीय मात्रा अशा क्रमाने बदलत गेली. प्रत्येक टप्प्यावर उपदेश व्यक्तीला करण्यात आला.
२) चहाची सवय मात्र व्यक्तीने एकट्याने लावून घेतलेली नाही. उपकराच्या निधीवरील प्रचार, कारखानदारांची सोय, विश्रांतीचा कायदा व पाळ्यांची पद्धत यांनी ती घडविली.
३) कारखान्यातील चहा हा विश्रांतीच्या हक्काचे आणि काही अंशी समतेचे दृश्य रूप आहे. चहा सोडणाऱ्याचा विश्रांतीचा वेळही त्याबरोबर सुटता कामा नये.
४) कटिंग घेणाऱ्या सर्वसाधारण कामगाराच्या बाबतीत कॅफीनच्या मात्रेपेक्षा साखर, जेवणाशी असलेले अंतर आणि रात्रपाळीतील वेळ हे प्रश्न अधिक निकडीचे आहेत.

समारोप

पंचहौदच्या चहाबद्दल रानडे यांनी घेतलेले प्रायश्चित्त हे एका अर्थाने समाजाने व्यक्तीवर लादलेले ओझे होते. आजचा आरोग्यविषयक सल्लाही नकळत तसेच ओझे होऊ शकतो; कामाचे तास, पाळ्यांचा क्रम आणि विश्रांतीची जागा जशीच्या तशी ठेवून कामगारालाच त्याच्या सवयीचा जाब विचारला, तर तो न्याय्य ठरणार नाही. उपाहारगृह समित्यांनी बिनसाखरेचा चहा, ताक व पिण्याचे थंड पाणी चहाच्याच वेळी व चहाच्याच दरात उपलब्ध करणे, पाळ्यांचा क्रम ठरविताना झोपेचा विचार करणे आणि लहान उद्योगांच्या समूहांसाठी सामायिक विश्रांतीगृहे उभारणे हे उपाय अवघड नाहीत. या पट्ट्यातील महाविद्यालयांत पाळीवरून परस्पर वर्गात येणारे विद्यार्थी शिकतात. त्यांच्या डोळ्यांतील झोप आणि हातातील चहाचा पेला यांचा संबंध समजून घेणे हे अध्यापकांचेही कर्तव्य आहे.